फिल्मचं शिक्षण एका पेटीत बसतं, इमारत कशाला हवी?

पुण्यात सिनेमा शिकायची सोय नाही असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढतील. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली, तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ मध्ये फिल्म अर्काइव्ह आलं. पण सगळ्यांचा पत्ता एकच, लॉ कॉलेज रोड. शहर मात्र तिथे थांबलेलं नाही. २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि पुणं ५०० चौरस किलोमीटरच्या वर गेलं. मेट्रो वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. हडपसर, कात्रज, वारजे, धायरी यांच्या नशिबी अजून बसच. हडपसरच्या गाडीतळावरून संध्याकाळी सहाच्या वर्गाला डेक्कनला पोचायचं तर कामावरून साडेचारला निघावं लागतं. आणि आठला वर्ग सुटल्यावर मुलगी घरी कधी येणार, हे घरचे पहिल्याच दिवशी विचारतात. वर्ग फुकट ठेवला तरी या दोन गोष्टींचं काहीच होत नाही.

इन्स्टिट्यूटनं २०१७ पासून छोटे अभ्यासक्रम देशभर नेले, त्यात मोबाइलवर फिल्म करायला शिकवणारेही होते. चांगलं काम. पण तिथे फी आहे आणि सलग दिवस द्यावे लागतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा डिलिव्हरीवाल्या पोराला सलग दिवस कोण देणार?

म्हणून स्पष्टच लिहितो. 'अत्याधुनिक मीडिया सेंटर' नावाची नवी इमारत बांधायच्या कल्पनेला माझा विरोध आहे. पैसा फरशी, एसी आणि उद्घाटनात जातो. उरलेल्यात दोन महागडे कॅमेरे येतात. त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला होते, तुटला तर सही करणाऱ्याच्या पगारातून कापतील या भीतीनं ते कपाटात राहतात. किल्ली साहेबांकडे, साहेब मीटिंगला. त्यापेक्षा शहरभर ज्या खोल्या आधीच उभ्या आहेत त्यांच्यात एक पेटी फिरवा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकपेट्या आपल्या ओळखीच्या आहेत. युक्ती तीच, आत पुस्तकांऐवजी माईक.

हिशेब १६ जणांच्या एका वर्गाचा, चार-चारचे चार गट. पेटीत कॅमेरा नाही. प्रत्येक गटात निदान एक बरा फोन असतोच, आणि ज्या यंत्रावर शिकलो ते वर्ग संपल्यावरही खिशात राहतं ही सगळ्यात मोठी गोष्ट. पेटीत हवेत चार वायरवाले कॉलर माईक, मोबाइल होल्डरसह चार ट्रायपॉड, कान पूर्ण झाकणारे चार वायरवाले हेडफोन, १० मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड, एक टीबीच्या दोन हार्डडिस्क, एक बरा स्पीकर आणि चार जुने लॅपटॉप. पांढऱ्या सनबोर्डचे दोन बाय तीन फुटांचे चार तुकडेही टाका. खिडकीच्या उजेडाला समोरून उसळी द्यायला याहून स्वस्त काही नाही. (पूर्वी थर्माकोल वापरायचे, बंदीनंतर तो विषय संपला.) माझ्या अंदाजानं हे सगळं सव्वा ते दीड लाखात बसतं, म्हणजे लेन्ससकट एका बऱ्या मिररलेस कॅमेऱ्याच्या किमतीत.

लॅपटॉप चारच हवेत, दोनात भागवू नका. घोडं शूटिंगला अडत नाही, एडिटिंगला अडतं. शूटिंग एका दुपारी होतं, तेच जोडायला चार-पाच बैठका लागतात, आणि दोन गट रांगेत बसले की तिसऱ्या आठवड्यापासून गळती सुरू. कंपन्यांनी काढून टाकलेले, आठव्या पिढीचे आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि एसएसडीवाले लॅपटॉप घ्या. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून सगळे तेच टाकतात, पण त्याला ग्राफिक कार्ड लागतं आणि अशा लॅपटॉपवर ते रडतं. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत प्रॉक्सी करता येते, म्हणजे एडिट करताना हलकी फाइल आणि शेवटी मूळ फाइल. प्रॉक्सी करायला एडिटिंगच्या पहिल्या दिवशी शिकवा, पाचव्या दिवशी नाही.

आता पेटीतल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त घोळ घालणाऱ्या वस्तूबद्दल, म्हणजे कॉलर माईक. हजाराच्या आसपास मिळतो, वायर सहा मीटर. वायरीवर एक छोटी डबी असते, तिच्यात एलआर४४ नावाचा बटणसेल आणि बाहेर सरकतं बटण: एका बाजूला स्मार्टफोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. फोनला लावताना ते स्मार्टफोनवर हवं, तिथे सेल लागत नाही. डबी खिशात ठेवताना बटण सरकून कॅमेऱ्यावर जातं, सेल संपलेला असला की आवाजाची पट्टी सपाट. मग पिन बघा. काळ्या रिंगा मोजा: तीन असतील तर ती फोनची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दोन रिंगांची पिन फोनमध्ये घट्ट बसते, सगळं ठीक दिसतं, आणि फोन गुपचूप स्वतःचाच माईक वापरतो. नव्या फोनना गोल जॅकच नाही, त्यामुळे टाइप-सीचा कन्व्हर्टर लागतो. तो आत चिप असलेला घ्या. बिनचिपचा एका फोनवर चालतो, दुसऱ्यावर नाही, आणि चालत नाही हे कुठेच लिहून येत नाही.

यावर एकच परीक्षा. रेकॉर्डिंग सुरू करा, कॉलर माईकवर नखानं घासा, मग फोनच्या बुडाशी घासा. पाच सेकंदांत थांबवा आणि हेडफोन लावून ऐका. माईकचा खरखराट मोठा आला तर माईक चालू आहे, बुडाचा मोठा आला तर नाही. प्रत्येक शूटच्या आधी, प्रत्येक वेळी. फोनमधलं मूळ कॅमेरा ॲप बाहेरचा माईक ओळखतच नसेल तर ओपन कॅमेरा हे फुकट ॲप घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा माईक निवडता येतो.

आवाजावर एवढं का लिहितोय? चित्र हललं, थोडं अंधारलं तरी बघणारा बसून राहतो. बोललेलं कळलं नाही की उठतो. आणि आपली घरं पत्र्याची नाहीतर दहा बाय दहाची. पंखा, फ्रिज, शेजारचा टीव्ही, तिसऱ्या शिट्टीला आलेला कुकर. पंखा बंद करायला सांगणं सोपं, पण मे महिन्यात दहा मिनिटांच्या वर कुणी बसत नाही, म्हणून प्रश्न आधी कागदावर लिहून आणायचे. फ्रिज बंद केला तर स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. महापालिकेच्या शाळेचा वर्ग घुमतो. बोलणाऱ्याच्या समोरच्या आणि मागच्या भिंतीवर गोधडी नाहीतर सतरंजी लटकवली की निम्मं काम होतं. आणि निघण्याआधी सगळ्यांनी गप्प राहून खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद घ्यायचा. एडिटला दोन वाक्यांमधली भोकं त्यानंच बुजतात.

चित्राचे दोनच घोळ सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबच्या उजेडात फोन स्वतःच्या मर्जीनं शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड किती वेळ द्यायचा ते, ठरवतो आणि चित्रावर पट्टे सरकत राहतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधून टाका, पट्टे जातात. दुसरा घोळ जास्त दुष्ट आहे. फोन फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते, एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला की तोही कमी करतो. दुसऱ्या फोनवर वेगळा आवाज घेतला असेल तर मुलाखतीच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, शेवटी सुटतात. पोरं बिचारी आवाज जुळवायला सुरुवातीला वाजवलेली टाळी परत परत जुळवत बसतात. हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटला बदलून घ्या आणि मगच एडिटला बसा.

फुटेज व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही. तिथे ते चिरडलं जातं. अगदीच इलाज नसेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत जातं. फुल एचडीत मिनिटाला साधारण १३० एमबी धरा. तासाभराचं शूट आठ जीबीच्या घरात जातं, आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंनी तुडुंब भरलेला फोन मध्येच थांबतो. त्यामुळे शूटच्या आदल्या दिवशी फोन रिकामा करणं हा गृहपाठ. त्याच संध्याकाळी दोन्ही हार्डडिस्कवर कॉपी, आणि दोन डिस्क दोन वेगळ्या घरी. जुन्या पेनड्राइव्हवर मोठी फाइल जात नसेल तर पेनड्राइव्ह बिघडलेला नाही, तो फॅट३२ आहे आणि त्यात चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही. एक्सफॅटला फॉरमॅट करा.

खोली कुठली? समाजमंदिर, अभ्यासिका, विरंगुळा केंद्र, सुटल्यावरची महापालिकेची शाळा. पण पुण्यात माझी पहिली पसंती गणेश मंडळाला. लोकांना हे ऐकून हसू येतं. जरा बघा: जिवंत देखावा म्हणजे काय? कुणीतरी संहिता लिहितं, संवाद आधी रेकॉर्ड होतात, त्यात पार्श्वसंगीत बसवतात, त्यावर ओठ हलवत वस्तीतलीच पोरं अभिनय करतात, दिवे क्यूवर लागतात, आणि एकेका रात्रीत ते पुन्हा पुन्हा होतं. लेखन, ध्वनी, प्रकाश, अभिनय, निर्मिती सगळं त्यात आलं. हे शिक्षण शहरात दरवर्षी दहा दिवस चालतं आणि विसर्जनाबरोबर विसर्जित होतं. मंडळाकडे खोली आहे, वीजजोड आहे, खुर्च्या आहेत, आणि वस्तीत ज्याचा शब्द चालतो असा अध्यक्ष आहे. फक्त गणपतीच्या आधीचे दोन महिने मंडळ मागू नका, आणि मंडळाच्या खोलीत बायका-मुली मोकळेपणानं येतात का हे आधी बायकांनाच विचारा. 'नाही' असं उत्तर आलं तर अंगणवाडी किंवा बचतगटाची जागा. काही वस्त्यांत दोन वेगळ्या जागी दोन वर्ग करावे लागतात, त्याला इलाज नाही.

वेळ नळाच्या पाण्यावर ठरते. घरकामाला जाणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार जमतं, पाणी यायच्या आत. कामावर जाणाऱ्या पोरांना रविवार सकाळ, पण नऊच्या आधी नाही. १२ आठवडे, आठवड्यात दोन बैठका, बैठक दोन तासांची.

प्रवेश मराठीत, एका पानाच्या अर्जावर. 'तुम्हाला फिल्ममेकर का व्हायचंय' हा प्रश्न काढून टाका, त्याला ज्यांना उत्तरं पाठ आहेत तेच निवडले जातात. अर्ज जास्त आले तर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. अनामत रक्कम घेतली की उपस्थिती वाढते असं म्हणतात. वाढत असेलही, पण ज्याच्यासाठी पेटी आणली तोच त्या अनामतीनं बाहेर राहतो. मी घेणार नाही.

आणि 'सगळ्यांसाठी' म्हणताना उंबरठा मोजा. समाजमंदिराचा हॉल बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर असतो, तो नको. तळमजल्यालाही सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या असल्या तरी एकास बाराच्या उतारानं १२ फूट लांब रॅम्प लागतो. दोन फुटांची फळी टाकून फोटो काढणं म्हणजे रॅम्प नव्हे. कर्णबधिर मुलं असतील तर सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन हवेत, आलटून पालटून. एकटा माणूस दोन तास करूच शकत नाही, हात आणि डोकं दोन्ही थकतं. ज्याला दिसत नाही त्याला 'तू बसून ऐक' म्हणायचं नाही, ध्वनीचा विभाग त्याच्याकडे द्या. पहिल्या दोन बैठका सगळ्यांनाच नुसत्या आवाजाच्या ठेवल्या, डोळे मिटून गल्ली ऐकायची आणि एका मिनिटाची ध्वनिफीत करायची, तर तोच वर्गात पुढे असतो.

आता विषय. इथे माझं अनेकांशी पटत नाही. संस्था पैसे देतात आणि सोबत विषयही देतात: व्यसनमुक्ती, स्वच्छता, मुलगी शिकवा. मग तीच दारूची बाटली, तोच मार खाणारा नवरा, शेवटी हात जोडून संदेश. पोरं आयुष्य सोडून पोस्टर करायला लागतात. पहिली फिल्म कामाची करायला द्या, तीन मिनिटांची, निवेदन नाही, संदेश नाही. समजा, पंक्चर काढणं. चाक उतरलं, टामीनं टायर उचकटला, ट्यूब बाहेर. पाण्याच्या घमेल्यात दाबली आणि बुडबुडे कुठून येतात ते शोधलं. जागा कानशीनं घासली, सोल्युशन लावलं, वाळेपर्यंत थांबला, ठिगळ ठोकलं, पुन्हा पाण्यात, आता बुडबुडे नाहीत. सुरुवात, मध्य, शेवट आणि रहस्य कामातच आहे, पटकथा लिहायची गरज नाही. काय चुकतं तेही ठरलेलं: सगळे त्या माणसाचा चेहरा घेतात आणि हात विसरतात, किंवा सगळं एकाच लांब शॉटमध्ये उरकतात आणि मग कापायला जागाच नाही. म्हणून नियम: हात जवळून, चेहरा, माणूस आणि दुकान एकत्र, त्याच्या खांद्यावरून, आणि शेवटी रस्ता. प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता. कॉम्प्रेसर बाकी सगळे आवाज गिळतो, म्हणून तो पाच मिनिटं बंद ठेवायची विनंती करा आणि त्याचा आवाज नंतर वेगळा घ्या. बुडबुडा फुटला की त्याच्या डोळ्यांवर कट. कुठे कापायचं हे त्या एका कटात जितकं कळतं तितकं फळ्यावर लिहून कळत नाही.

गटात कामं दर आठवड्याला फिरवायची. नाहीतर जो मोठ्यानं बोलतो तो डायरेक्टर आणि मुलगी कायम 'नोंदी ठेव'. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम पडेल ते काम करतच शिकले, आणि पुढे त्यांचीच प्रभात झाली.

पैशाचं. २४ बैठका, शिकवणाऱ्याला बैठकीचे १,५०० धरले तर ३६,०००. वस्तीतल्याच मदतनीसाला ५०० प्रमाणे १२,०००. वीस माणसांचा चहा-वडापाव माणशी २० रुपयांनी ९,६००. एकूण ५७,६००, म्हणजे शिकणाऱ्यामागे ३,६००. यातलं मानधन कापून 'स्वयंसेवक' आणायचा मोह होतो. फुकट आलेला माणूस त्याचं पैशाचं काम आलं की जातो, त्याचा दोष नाही. चहा-वडापावही कापू नका, दुपारी कामावरून थेट आलेल्याला दोन तास उपाशी शिकता येत नाही. पहिल्या तुकडीतला एक जण दुसऱ्या तुकडीचा मदतनीस झाला पाहिजे, पगारी.

कागदपत्रं कमीत कमी, पण दोन हवीतच. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची मराठीतली सही, आणि फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती. सिनेमाची गाणी वापरायची नाहीत. हक्काचा मुद्दा आहेच, शिवाय यूट्यूबवर फिल्म अडकते. वस्तीत हलगी वाजवणारा असतो, भजनी मंडळ असतं, त्यांचं रेकॉर्डिंग करा आणि नाव द्या. अभंग जुना असला तरी कुणाच्या कॅसेटमधला उचलू नका, अभंग सगळ्यांचा असला तरी ते रेकॉर्डिंग कुणाचं तरी आहे. दुसऱ्यांच्या फिल्म दाखवायच्या तर शाळेशी जोडून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यापुरतं दाखवायची मुभा आहे, चौकात पडदा लावायची नाही. मराठी सबटायटल युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेलं दुसऱ्या लॅपटॉपवर चिनीसारखं दिसतं. एक्सपोर्टच्या आधी 'र्‍या', 'क्ष', 'द्ध' नीट जुळतात का ते डोळ्यांनी बघा.

शेवटच्या आठवड्यात गल्लीत पडदा. त्याच्या आदल्या दिवशी ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना आधी एकट्यांना दाखवायची. पंक्चरवाला म्हणाला 'हे काढा', तर ते काढायचं, वाद नाही. प्रोजेक्टर मंडळाकडून किंवा भाड्यानं, खरेदी नको. रस्त्यावरच्या दिव्यावर आधी काळं कापड बांधायची सोय बघा, नाहीतर पडदा राखाडी दिसतो. दहाच्या आत संपवा, स्पीकरचा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी भरून पुढच्या वस्तीत. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवलेली असावी आणि देणाऱ्यानं, घेणाऱ्यानं समोरासमोर टिक करावी. वायरी कोपराभोवती गुंडाळू नका, आत तुटतात. सैल वेटोळं करून वेल्क्रो लावा. आणि डब्यांमधले ते एलआर४४ सेल काढून वेगळ्या पुडीत ठेवा, आत राहिले तर गळतात आणि माईक जातो.